डस्ट कलेक्टर घ्यायचाय? आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीचा विचार करा

यूट्यूबवर लाकूडकामाचा एखादा व्हिडिओ बघायला बसलं की तासभर कसा गेला ते कळत नाही. सागाची खडबडीत फळी रंध्याखालून गुळगुळीत होऊन बाहेर येते, तिचं टेबल होतं, त्यावर पॉलिश चढतं आणि आपणही हे करून बघावं असं वाटायला लागतं. मग आधी ड्रिल मशीन येतं, मागोमाग कटर आणि सँडर येतात. एक दिवस पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवरच्या खोलीत टेबल सॉ येऊन बसतो. झालं, घरचं वर्कशॉप तयार!

पहिल्याच रविवारी एक गोष्ट लक्षात येते. भुसा सगळीकडे जातो. केसांत, खिशात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, अगदी स्वयंपाकघरातल्या ओट्यावरसुद्धा. मग डस्ट कलेक्टरचा शोध सुरू होतो आणि जाहिरातींतले आकडे समोर येतात. २ एचपी, १२०० सीएफएम, ३० मायक्रॉन, १ मायक्रॉन, सायक्लोन, हेपा. यातलं नेमकं काय बघायचं?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डस्ट कलेक्टर म्हणजे विजेवर चालणारा झाडू नव्हे. जमिनीवर पडलेला भुसा झाडूनेही निघतो. मशीन घ्यायचं असतं ते हवेत तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीसाठी. हे पक्कं डोक्यात ठेवलं, तर खरेदीतले अर्धे गोंधळ आपोआप मिटतात.

धूळ इतकी धोकादायक असते का?

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव आहे. खुर्च्या आणि फर्निचर बनवण्यासाठी ते पूर्वापार प्रसिद्ध. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या आतल्या पोकळीचा एक अतिशय दुर्मीळ कॅन्सर त्यांच्या रुग्णांमध्ये वारंवार दिसतोय आणि हे रुग्ण बहुतेक करून फर्निचरच्या कारखान्यांतले कामगार आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पाठपुरावा केला. १९६८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि लाकडाच्या धुळीकडे बघण्याची जगाची नजर बदलली.

पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 'गट १' मध्ये टाकली. माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा हा गट. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच यादीत आहेत.

म्हणून घाबरून हत्यारं विकून टाकायची गरज नाही. एकाच गटात असणं म्हणजे धोका सारखाच असणं नव्हे. हाय विकमचे कामगार वर्षानुवर्षं, दिवसभर त्या धुळीत उभे असत. रविवारी तीन तास काम करणाऱ्या हौशी माणसाला तो कॅन्सर होण्याची शक्यता खूपच कमी. पण त्याला होणारे त्रास वेगळे आणि जास्त ओळखीचे आहेत. सतत वाहणारं किंवा चोंदलेलं नाक, सायनस, खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ, अंगावर पुरळ. साग आणि शिसव या आपल्या आवडत्या लाकडांच्या धुळीची काही जणांना ॲलर्जी होते. ॲलर्जीची गंमत अशी, की ती पहिल्या दिवशी होत नाही. शरीर महिनोन्‌महिने सहन करतं आणि एकदा बिनसलं, की मग थोडीशी धूळही पुरते.

एमडीएफ आणि प्लायवुडचं प्रकरण आणखी वेगळं. त्यांची धूळ लाकूड आणि डिंक यांचं मिश्रण असते. या डिंकात अनेकदा फॉर्माल्डिहाइड असतं आणि तेही त्याच 'गट १' मध्ये येतं. शिवाय एमडीएफ कापलं की भुसा पडतच नाही, थेट पीठ उडतं.

किती धूळ म्हणजे जास्त?

युरोपियन युनियनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची कायदेशीर मर्यादा आहे. आठ तासांच्या कामात सरासरी एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम. जानेवारी २०२३ पर्यंत ती ३ होती, नंतर कमी केली.

आता हे आपल्या खोलीला लावून बघू. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोली धरा. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा असते. म्हणजे खोलीभर पसरलेली फक्त ६८ मिलिग्रॅम धूळ तिथली हवा मर्यादेपर्यंत नेते. चिमूटभर मीठसुद्धा याहून जड भरतं! एका फळीला दहा मिनिटं सँडर फिरवला तर किती पीठ उडतं ते आठवा.

दुसरी अडचण म्हणजे ही धूळ लवकर खाली बसत नाही. भुशाचा दाणा क्षणात जमिनीवर पडतो. १० मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत छतापासून जमिनीपर्यंत यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. २.५ मायक्रॉनच्या कणाला चार तासांहून जास्त. १ मायक्रॉनचा कण जवळपास दिवसभर तरंगतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हेच बारीक कण नाकातल्या केसांना चकवून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

म्हणून काम संपलं, मास्क काढला आणि निवांत झाडायला घेतलं, की खरी धूळ तेव्हा छातीत जाते. आणि वर्कशॉप घराला लागून असेल तर ती फक्त तुमच्याच नाही, मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीतही जाते.

व्हॅक्यूम क्लीनर की डस्ट कलेक्टर?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण दोन्ही हवा ओढतात. पण त्यांचं काम वेगळं आहे.

वेट-ड्राय व्हॅक्यूम क्लीनर, ज्याला शॉप व्हॅक म्हणतात, तो थोडी हवा पण प्रचंड जोराने ओढतो. स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक प्यावा तसं. त्याची नळी बारीक, दीड-दोन इंचाची. हवा साधारण १०० ते १५० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट. ज्या हत्याराचं धुळीचं तोंडही बारीक असतं, त्यासाठी हा उत्तम. सँडर, राउटर, जिगसॉ, हातातला सर्क्युलर सॉ.

डस्ट कलेक्टर याच्या उलट. तो भरपूर हवा ओढतो, पण जोर कमी. त्याचं तोंड चार ते सहा इंचाचं. टेबल सॉ, प्लेनर, थिकनेसर, बँड सॉ अशा मोठ्या मशीनसाठी तो बनलेला असतो.

डस्ट कलेक्टरला अडॅप्टर लावून सँडरची बारीक नळी जोडली, तर त्याचा श्वासच कोंडतो. आणि टेबल सॉला शॉप व्हॅक जोडला, तर तो भुसा ओढेल, पण पात्याने उडवलेली बारीक धूळ खोलीत तशीच राहील.

तेव्हा पहिला प्रश्न 'कोणतं मॉडेल घेऊ?' हा नसतो. 'माझी सगळ्यात जास्त धूळ कुठल्या हत्यारातून येते?' हा असतो. फ्लॅटच्या बाल्कनीत सँडर आणि जिगसॉवर काम करणाऱ्याला डस्ट कलेक्टरची गरजच नाही. चांगल्या फिल्टरचा शॉप व्हॅक त्याला पुरतो. टेबल सॉ किंवा थिकनेसर आला, की मग डस्ट कलेक्टरचा विचार करायचा.

जाहिरातीतले आकडे कसे वाचायचे?

खोक्यावरचा सीएफएमचा आकडा बहुतेक वेळा पाइप, पिशवी, वळण असं काहीही न जोडता मोजलेला असतो. प्रत्यक्षात पाइप लावला, फिल्टरवर धूळ बसली, की हाती बरेचदा त्याच्या निम्म्याच्या आसपास हवा उरते. म्हणून १२०० चा आकडा दिसला तरी हिशोब ६०० चा करावा.

भारतात बऱ्याच मशीनवर हवा घनमीटर प्रति तास अशी लिहिलेली असते. तिला १.७ ने भागलं की सीएफएम मिळतात. म्हणजे १००० घनमीटर प्रति तास म्हणजे साधारण ५९० सीएफएम. दोन मशीनची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात आणा, नाहीतर १००० चं मशीन ८०० सीएफएमच्या मशीनपेक्षा मोठं वाटून बसेल.

आणखी एक खाचखळगा अमेरिकन व्हिडिओंमधला. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. साधी इंडक्शन मोटर तिथे मिनिटाला ३४५० फेरे घेते, तर आपल्याकडे साधारण २८५०. पंखा तोच असेल तर हवा सहाव्या हिश्श्याने कमी होते आणि ओढण्याचा जोर जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. त्यामुळे तिकडच्या दीड एचपीच्या मशीनचा अनुभव इथल्या दीड एचपीला जसाच्या तसा लावता येत नाही.

मग किती हवा लागते? अंगठा-नियम असा, की टेबल सॉचा दिसणारा भुसा उचलायला ३५० ते ४०० सीएफएम पुरतात. पण बारीक धूळही पकडायची असेल तर ८०० च्या वर जावं लागतं. छोट्या खोलीत एकच मशीन आलटून पालटून जोडणार असाल, तर २ एचपीचा कलेक्टर बहुतेक हौशी लोकांना योग्य ठरतो. १ एचपीचा चालतो, पण तो मशीनच्या अगदी शेजारी ठेवून, आखूड पाइपाने.

पाइप बारीक असेल तर एचपी वाया जातात

पाइपातून हवेबरोबर भुसा वाहून न्यायचा, तर हवेचा वेग मिनिटाला साधारण ४००० फूट हवा. या वेगाला चार इंची पाइपातून ३५० सीएफएम जातात. सहा इंची पाइपातून जवळपास ८००. व्यास दीडपट केला तर वाट सव्वादोन पट मोकळी होते.

म्हणजे ८०० सीएफएम देऊ शकणाऱ्या कलेक्टरला एकच लांब चार इंची पाइप जोडला, तर त्याची निम्मी ताकद पाइपातच अडकते. आणि उलटं केलं, छोट्या १ एचपी मशीनला सहा इंची पाइप लावला, तर आतला वेग इतका घटतो, की भुसा पाइपातच साचून बसतो. छोट्या मशीनला आखूड चार इंची आणि मोठ्याला सहा इंची मुख्य पाइप, हे गणित जमवावं लागतं.

आपल्याकडे यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ११० मिमी आणि १६० मिमीचा पीव्हीसी पाइप कामी येतो. सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर किंवा शेतीच्या पाइपलाइनचा कमी दाबाचा, दोन्ही चालतात. विहिरीवरून पाणी आणणारा पाइप भुसाही आणू शकतो! फक्त एक घोळ आहे. मशीनची तोंडं बहुतेक १०० मिमीची असतात आणि आपला पाइप ११० चा. मधे लवचिक पाइपाचा वीतभर तुकडा आणि दोन्हीकडे क्लॅम्प लावला की जोड घट्ट बसतो.

पाइप टाकताना एवढं सांभाळा:

- लवचिक पाइप कमीत कमी वापरा. त्याच्या आतल्या कड्यांमुळे हवेला साध्या पाइपाच्या दोन-तीन पट अडथळा होतो.
- काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशाची दोन वळणं घ्या. शाखा काढायची तर 'टी' नको, 'वाय' घ्या आणि तिचा फाटा हवेच्या दिशेने झुकलेला ठेवा.
- प्रत्येक शाखेला झडप लावा. ज्या मशीनवर काम चाललंय तेवढीच उघडी ठेवा.
- आतल्या बाजूला स्क्रूची टोकं येऊ देऊ नका. लांब ढलप्या तिथेच अडकून बोळा होतो.

गळती तपासायला उदबत्ती लावण्याचा मोह होतो, पण तिचा निखारा आत ओढला गेला तर तो थेट भुशाच्या पिशवीत जाईल. त्यापेक्षा टिश्यू पेपरची बारीक पट्टी जोडाजवळ धरा. ती जोडाला चिकटली तर तिथून हवा शिरतेय असं समजा आणि टेप लावा.

ओढण्यापेक्षा पकडणं महत्त्वाचं

हा प्रयोग करून बघा. मेणबत्ती हातभर अंतरावर धरून फुंकर मारा. विझते. आता तेवढ्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढून ती विझवून दाखवा. जमणार नाही.

कारण फुंकर एका दिशेने जाते, पण ओढताना हवा चहूबाजूंनी येते. पाइपाच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग जेमतेम दहा टक्के उरतो. म्हणजे चार इंची पाइप पात्यापासून चार इंच लांब ठेवला, तरी नव्वद टक्के जोर गेला.

याचा अर्थ पाइप नुसता मशीनजवळ ठेवून भागत नाही. धूळ जिथे तयार होते तिथेच ती घेरावी लागते. टेबल सॉच्या खालच्या कॅबिनेटमधल्या फटी बंद करा, पण हवा आत यायला थोडी वाट ठेवा. बाटलीला तोंड लावून ओढलं तर हवा येत नाही, तसंच पूर्ण बंद डब्यातूनही येत नाही. टेबल सॉची बरीच बारीक धूळ पात्याच्या वरून, थेट तुमच्या तोंडाकडे उडते. त्यासाठी पात्यावरच्या गार्डलाच नळी जोडता येते. मायटर सॉ सगळ्यात वाह्यात. त्याच्या मागे आणि बाजूंनी प्लायचं खोकं करून त्यात पाइप सोडला, तर बराच फरक पडतो.

सँडरचं मात्र सोपं आहे. पेपरची भोकं आणि सँडरची भोकं नीट जुळवा आणि शॉप व्हॅक जोडा. एवढ्याने हवेतलं पीठ कितीतरी कमी होतं.

पिशवी, फिल्टर आणि सायक्लोन

गावाकडची पिठाची गिरणी आठवते? पीठ डब्यात पडताना उडू नये म्हणून तिच्या तोंडाला कापडी बोळी बांधलेली असते. तरीही गिरणीवाल्याच्या पापण्या पांढऱ्या असतातच. कापड जाडसर पीठ अडवतं, बारीक बाहेर सोडतं.

स्वस्त डस्ट कलेक्टरची ३० मायक्रॉनची पिशवी हेच करते. भुसा आत ठेवते आणि फुप्फुसात जाणारी धूळ गाळून, छान उंचावरून खोलीभर फवारते. खोली स्वच्छ दिसते आणि हवा आधीपेक्षा वाईट होते. म्हणून मशीन खोलीतच ठेवायचं असेल, तर १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, घड्यांचा कॅनिस्टर फिल्टर घ्यावा. घड्यांमुळे फिल्टरचं क्षेत्रफळ वाढतं आणि बारीक असूनही हवा अडत नाही. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो. शॉप व्हॅक घेताना तो मिळाला तर जरूर घ्या.

सायक्लोन म्हणजे उलटा ठेवलेला शंकू. हवा त्यात गरगर फिरते. जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या पिंपात पडतो आणि उरलेली हवा मधून वर निघून जाते. यामुळे फिल्टर लवकर तुंबत नाही आणि ओढ टिकून राहते. शॉप व्हॅकसाठी छोटा प्लॅस्टिकचा सायक्लोन बादलीच्या झाकणावर बसवता येतो. बादली मात्र जाड घ्या. नळी तुंबली की रंगाची पातळ बादली चेपून आत बसते. आणि लक्षात ठेवा, सायक्लोनने फिल्टरची गरज संपत नाही. सगळ्यात बारीक धूळ त्यातूनही निसटते.

महाराष्ट्रात एक सोपा उपाय आहे

अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये फिल्टरवर एवढी चर्चा का असते? कारण तिथे हिवाळ्यात खोली गरम केलेली असते. मिनिटाला हजार घनफूट गरम हवा बाहेर फेकायची म्हणजे पैसे फेकणं.

आपल्याकडे ही अडचण नाही. पार्किंगमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत वर्षातला बहुतेक काळ खिडक्या उघड्याच असतात. मग कलेक्टर भिंतीपलीकडे, छपराखाली ठेवला किंवा त्याची हवा थेट बाहेर सोडली, तर बारीक धूळ खोलीत परत येण्याचा प्रश्नच उरत नाही. आवाजही कमी होतो. जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यायला खिडकी उघडी हवी, एवढंच.

अर्थात, बाहेर म्हणजे शेजाऱ्यांच्या खिडकीत नव्हे! सोसायटीत राहत असाल तर हा मार्ग विसरा आणि चांगल्या फिल्टरवर पैसे घाला. बाहेर मोकळी जागा असेल तरच हा पर्याय.

खोलीतच काम करावं लागत असेल तर एक्झॉस्ट फॅनही मोठी मदत करतो. आपल्या १२ बाय १० च्या खोलीत १२०० घनफूट हवा आहे. ती तासात आठ वेळा बदलायची तर १६० सीएफएम पुरतात. पंखा एका भिंतीत आणि उघडी खिडकी समोरच्या भिंतीत ठेवा. काम थांबल्यावरही तो तासभर चालू राहू द्या.

पावसाळ्यात मात्र जरा लक्ष द्यावं लागतं. दमट भुसा फिल्टरला चिकटून बसतो. पिशवी दर वेळी रिकामी करा आणि फिल्टर कोरडा असतानाच झटका, तोही बाहेर आणि मास्क लावून.

वीज आणि आग

२ एचपीची मोटर चालताना साधारण ९ ते १० अँपियर घेते. सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. तेवढ्याच ताकदीचा टेबल सॉ त्याच लाइनवर असेल, तर १६ अँपियरची लाइन पुरत नाही आणि एमसीबी पडतो. दोघांसाठी वेगवेगळ्या लाइन, व्यवस्थित अर्थिंग आणि आधी कलेक्टर, मग सॉ, असा क्रम ठेवा. एक्स्टेंशन बोर्डवर कलेक्टर चालवू नका.

पीव्हीसी पाइपात स्थिर वीज तयार होते आणि कधी कधी चुणचुणीत झटका बसतो. लाकडाच्या धुळीचे स्फोट होतात हेही खरं. २०१२ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दोन लाकूड गिरण्यांमध्ये असे स्फोट होऊन चार कामगारांचा जीव गेला. पण तिथे अख्ख्या इमारतीत धूळ साचलेली होती. घरच्या छोट्या कलेक्टरमध्ये खरी भीती ठिणगीची. जुन्या लाकडातला खिळा पात्याला लागला आणि तापलेला कण पिशवीत गेला, तर भुसा तासन्‌तास धुमसत राहतो आणि रात्री पेट घेतो. म्हणून लोखंड घासण्याचं काम या कलेक्टरला कधीही जोडू नका, जुनं लाकूड कापण्याआधी खिळे शोधा आणि भरलेली पिशवी रात्रभर ठेवू नका. जवसाच्या तेलाची फडकीही भुशाजवळ टाकू नका. ती गोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकतात.

काढलेला भुसा? निव्वळ लाकडाचा असेल तर कंपोस्टमध्ये चालतो. एमडीएफ आणि प्लायचा मात्र कुंड्यांत, चुलीत किंवा जनावरांखाली घालायचा नाही.

घरात सुतारकाम चालू असेल तर

तुम्ही स्वतः कटर हातात धरत नसाल, तरी हा विषय तुमच्या घरी येतोच. नव्या फ्लॅटचं फर्निचर सुरू होतं, कारागीर हॉलमध्ये बसून दिवसभर प्लाय कापतात, सनमायका घासतात आणि महिनाभर सगळीकडे पांढरं पीठ असतं. ते आपल्याला चार-सहा आठवडे सहन करावं लागतं. कारागिराला आयुष्यभर. हाय विकमच्या कामगारांशी खरं साम्य हौशी माणसाचं नाही, या कारागिराचं आहे.

कापण्याचं काम बाल्कनीत किंवा गच्चीवर करायला जागा द्या. कटर आणि सँडरला जोडायला एक शॉप व्हॅक असेल तर उत्तमच. कारागिरांना चांगले मास्क आणून द्या आणि ते लावले जातील असं बघा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ किंवा आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी २ दर्जाचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क लागतो. फर्निचरच्या एकूण खर्चात ही रक्कम दिसणारही नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

सगळं एकदम घ्यायची गरज नाही. पैसे कमी असतील तर हा क्रम धरा.

- आज: चांगला मास्क. काम करतानाच नव्हे, झाडताना आणि पिशवी रिकामी करतानाही.
- त्यानंतर: खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन. झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणं.
- मग: बारीक फिल्टरचा शॉप व्हॅक, छोट्या सायक्लोनसह. सँडर त्याशिवाय चालवायचाच नाही.
- मोठं मशीन आलं की: डस्ट कलेक्टर, त्याच्या ताकदीला साजेसा पाइप आणि धुळीला घेरणारं खोकं.

आणि एक उपाय जवळजवळ फुकटचा. हातरंध्याला धार लावायला शिका. धारदार रंधा लाकडाच्या लांब, सुंदर ढलप्या काढतो. त्या हवेत उडत नाहीत, फुप्फुसात जात नाहीत. जे काम रंध्याने होतं तिथे सँडर फिरवला नाही, तर तेवढी धूळ तयारच होत नाही. न झालेली धूळ पकडायला कुठल्याच मशीनची गरज नसते.

काम झाल्यावर एकदा दिवे घालवून अंधारात टॉर्च लावून बघा. प्रकाशाच्या झोतात किती कण नाचतायत ते दिसेल. सगळ्यात बारीक कण त्यातही दिसत नाहीत, पण तुमचा डस्ट कलेक्टर किती कामाचा आहे याचा अंदाज खोक्यावरच्या आकड्यापेक्षा त्या झोतात जास्त चांगला येतो.